न पाहिलेल्या बाईची तारीफ

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि रोज सकाळी मंडईत गाळ्यावर चढून बसायच्या आत माझं डोकं फिरलेलं असायचं. कारण एकच. शेजारचा लिंबूवाला.

मी लिहिणारा माणूस नाही. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढे बापानं पेरूच्या पाटीमागे बसवलं. त्यानंतर जे काही शिकलो ते गिऱ्हाइकांच्या तोंडून. पण इतक्या वर्षांत मंडईत सगळ्यात येडा माणूस कोण पाहिला असं कोणी विचारलं, तर मला विचार करावा लागत नाही. आणि त्या माणसाबद्दल दुसरे लोक वाटेल ते सांगत फिरतात, ते मला चालत नाही. सांगायचंच असेल तर मी सांगेन. मी शेजारी होतो.

तो वऱ्हाडातला. इंजिनिअर व्हायला पुण्यात आला, झाला नाही. कारखान्यात लागला, तिथून सुटला, आणि कोणाच्या तरी ओळखीनं माझ्या बाजूचा गाळा भाड्यानं घेऊन लिंबं, मिरच्या, आलं आणि कढीपत्ता विकायला बसला. तेव्हा चाळिशी ओलांडली असेल. उंच, थोडा पुढे वाकलेला, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "चाचा, आता तुमचा शेजारी झालो बाप्पा. काही चुकलं तर सांगजा." मी म्हटलं, "पाणी माझ्या बाजूला ओतू नका." एवढंच बोलणं झालं. माणूस बरा वाटला.

आठवड्याभरात कळलं की शेजारी काय येऊन बसलंय.

मोबाईलवर तो एक गेम खेळायचा. त्या गेममध्ये एक बाई आहे. चित्रातली. अंगानं दांडगी, हातात हातोडा, आणि तिचं काम म्हणजे समोर येईल त्याचं डोकं फोडणं. गेम काढणाऱ्या कंपनीनं ह्या बाईवर एक छोटं कार्टून केलं, आठ-नऊ मिनिटांचं. त्याला हे लोक शॉर्ट म्हणतात. बाईचं नाव परदेशी होतं, ते माझ्या तोंडात कधी बसलं नाही. तो तिला नुसतं 'बाई' म्हणायचा. मीही तेच म्हणतो.

तर कार्टूनमध्ये काय आहे? बाई एका जळलेल्या गावात येते. सगळी घरं राख. ती कोणालाच मारत नाही, कारण मारायला कोणी उरलेलंच नाही. एका घराच्या भिंतीसुद्धा गेल्यात, पण दार पडलेलं सापडतं. बाई तो हातोडा घेते, खिळे सरळ करते, चौकट उभी करते, दार बसवते. मग हातोडा खाली ठेवते आणि दारावर टकटक करते. कोणी उघडत नाही. आजूबाजूला भिंत नाही, कुठूनही आत जाता येतं. ती जात नाही. दाराबाहेर बसून राहते. संपलं.

हे मी पाहिलेलं नाही. आजपर्यंत पाहिलेलं नाही. पण तोंडपाठ आहे, कारण ह्या माणसानं ते मला दिवसातून दहादा ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी असं, की जणू आत्ताच पाहून धावत आलाय.

"चाचा, दार ठोकते हो ती! भिंती नाईत, अन् दार ठोकते! बाजूनं जाऊ शकते. जाते का? नाई जात! ज्यानं हे लिहिलं न, त्याच्या पायाचं पाणी पाजा मले!"

"ब्रह्मदेवानं माणूस केला तो नुसता सराव होता चाचा. खरं काम ह्या लोकांनी केलं."

"त्या हातोड्याची सावली पाहा तुम्ही एकदा. सावलीले वजन आहे! सावलीले!"

"ताजमहाल बांधणाऱ्याले हे दाखवलं असतं न, तर त्यानं सामान गुंडाळलं असतं. म्हटलं असतं, नाई बाप्पा, आपलं हे काम नाई."

ताजमहालाचं ऐकून मी पेटलो. म्हटलं, "लाज वाटते का? एका मोबाईलच्या खेळासाठी?" तर म्हणतो, "चाचा, ताजमहाल लय चांगला आहे. पण त्याले असं बाहेर उभं राहून दार ठोकायले जमते का?"

माझा राग कशाचा होता ते नीट सांगतो, कारण लोकांना वाटतं म्हातारा मोबाईलवर चिडायचा. मोबाईल माझ्याकडेही आहे. माझा राग तारफेवर होता.

आमचा धंदाच तारफेचा. पेरू स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीनं मी बोलतो. "साखर आहे साखर, कापून खा," असं मी ओरडतो, कारण संध्याकाळपर्यंत विकला नाही तर तो मला खावा लागतो. तारीफ मालाची करायची, गिऱ्हाईक समोर असताना करायची, आणि पिशवीत माल पडला की थांबायचं. हा बाबा स्वतःच्या लिंबाबद्दल एक चांगला शब्द बोलायचा नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "रस आहे का हो?" हा म्हणायचा, "काहीत असते, काहीत नसते. बाहेरून मले तरी कसं कळणार?" गिऱ्हाईक पुढे. आणि ज्या कार्टूनचा ह्याला एक पैसा मिळत नव्हता, त्याच्यासाठी नरड्याच्या शिरा ताणायच्या.

मी एकदा म्हटलं, "अरे, त्यातली अर्धी तारीफ लिंबाची कर. बंगला बांधशील."

"खोटी तारीफ माह्यानं होत नाई चाचा."

म्हणजे मी खोटी करतो. असं तोंडावर म्हणाला, आणि त्याला कळलंसुद्धा नाही की म्हणाला.

मंडईत शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा गाळा सांभाळायची रीत आहे. शुक्रवारी मी नमाजाला जायचो तेव्हा माझे पेरू तो बघायचा. परत आलो की पाटी जशीच्या तशी. एकदा लवकर आलो, तर हा माझ्या गिऱ्हाइकाला समजावून सांगत होता, "वरून छान दिसते, पण आतून किडका निघू शकते हं. मी जबाबदारी घेत नाई." मी गिऱ्हाइकादेखत त्याला असा झापला की समोरचा केळीवाला उठून उभा राहिला. ह्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे चाचा. तुम्ही पोटासाठी बोलता." आणि लगेच, "पण बाईनं पोटासाठी खिळा ठोकला नाई न."

गेममध्येही हा काही मोठा खेळाडू नव्हता. हरायचाच. बाईला घेऊन गेला की ती मरायची, परत घ्यायचा, परत मरायची. विचारलं तर म्हणायचा, "खेळणं मले जमत नाई. पण तिच्यासंगं हरलं तर वाईट वाटत नाई."

आता एक गोष्ट, जिच्यामुळे मी स्वतःवरच चिडायचो. आमच्या अम्मीचा नियम होता: कोणाचीही तारीफ कानावर पडली की माशाअल्लाह म्हणायचं, नाहीतर नजर लागते. पोराची तब्येत असो, शेजारणीच्या बांगड्या असोत, नाहीतर पेरूचा रंग. लहानपणी विसरलो तर कान पिळायची. ती सवय जिभेला अशी बसली की मी न ठरवता जीभ चालते. आणि शेजारी हा माणूस दिवसभर तारीफच करतोय. तो म्हणायचा, "काय ते डोळे, काय ते डोळे!" आणि माझ्या तोंडून पेरू पुसता पुसता, "माशाअल्लाह." तो म्हणायचा, "जगात असं काम झालंच नाई!" मी, "माशाअल्लाह." एका कार्टूनमधल्या बाईला नजर लागू नये म्हणून मी, पाच पोरांचा बाप, सकाळपासून पुटपुटतोय! दात ओठ खाऊन गप्प बसायचं ठरवायचो, आणि तिसऱ्या तारफेला निसटायचंच.

त्यानं एके दिवशी विचारलं, "चाचा, तुम्ही दर खेपी हे काय म्हणता?"

मी चिडून म्हटलं, "तुमच्या बाईला नजर लागू नये म्हणून म्हणतो. तुम्ही थांबलात तर मी थांबेन."

मग त्यानं काय केलं? थांबला? छे. त्या दिवसापासून प्रत्येक तारफेनंतर जरा दम घेऊन, मान माझ्याकडे वळवून, माझ्या माशाअल्लाहची वाट बघायला लागला. ते ऐकू आल्याशिवाय पुढचं बोलायचा नाही. म्हणजे मी त्याच्या साथीला बसलो. आणि शनिवारी, दुकानदारांसाठी लिंबू-मिरच्या ओवायचा तेव्हा, एक जास्तीची ओवून बाईच्या चित्राला बांधायचा. चित्र त्यानं रंगीत छापून, वरून प्लास्टिक चढवून, तराजूच्या मागे गणपतीच्या शेजारी लावलं होतं. म्हणजे शनिवारचा बंदोबस्त त्याच्याकडे आणि बाकीचे दिवस माझ्याकडे.

"एकदा पाहा न चाचा," हे तर रोजचं. पहिल्यांदा मी म्हटलं, चष्मा नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, गिऱ्हाईक आहे. तिसऱ्या दिवशी सरळ नाही म्हटलं, आणि एकदा मी नाही म्हटलं की विषय संपला. माझ्या बापानंही मला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. एकदा त्यानं मोबाईल चालू करून माझ्या पेरूंच्या मधोमध ठेवून दिला आणि स्वतः चहाला गेला. मी वरून पोतं टाकलं. पोत्याखालून बराच वेळ काही नाही, नुसता वारा, लाकूड सरकल्याचा आवाज. मग ठक. ठक. ठक. मी पेरू मोजत होतो तो थांबलो. आवाज ऐकला, तेवढंच. पोतं काही काढलं नाही.

नारायण पेठेतल्या एक ताई यायच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. पिशवीची घडी काखेत, सुटे पैसे मुठीत. एकदा म्हणाल्या, "सहा लिंबं द्या. पातळ सालीची बघून द्या." ह्यानं लिंबं निवडता निवडता सुरू केलं. दार, भिंती, सावली, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, मी लिंबं मागितली. परीक्षण नाही मागितलं."

"ताई, फुकट आहे पाहायला."

"म्हणूनच नको."

आजूबाजूचे गाळेवाले हसले. मी नाही हसलो. मला त्या ताईंचा राग आला. माणूस जीव तोडून काहीतरी सांगतोय आणि तुम्ही म्हणूनच नको म्हणता? आमच्या पुण्यात कोणाला चांगलं म्हणायचं म्हणजे लोकांच्या अंगावर येतं. 'ठीक आहे' म्हणाले की समजायचं फार आवडलं. मग उरलेली सगळी तारीफ हा वऱ्हाडी एकटाच करायचा, आणि तीही एकाच ठिकाणी नेऊन ओतायचा. राग कोणाकोणाचा करायचा?

तो गावी कधी जायचा नाही. दिवाळी नाही, दसरा नाही, आजारपण नाही. वडील होते, शेती होती, एवढं बोलण्यातून कळलं होतं. इंजिनिअर होऊनच ये, असं वडील म्हणाले होते म्हणे. मी खोदून विचारलं नाही. आणि त्या दाराचा त्याच्याशी काय संबंध तेही विचारलं नाही. मला कळत नव्हतं असं नाही. मी शिकलेला नाही, पण दगडही नाही.

मग व्हिडिओ आला.

कोणा कॉलेजच्या पोरीनं आलं घेता घेता ह्याचं बोलणं मोबाईलवर काढलं आणि सोडून दिलं. सावलीले वजन आहे, सावलीले! तेवढंच तोडून त्याला काहीतरी वाजंत्री लावली. महिनाभरात मंडईत घोळके यायला लागले. "काका, तो सावलीवाला डायलॉग मारा ना." "काका, ताजमहाल, ताजमहाल!" "रडून दाखवा ना एकदा, प्लीज, रील करायचीये." एकजण प्लास्टिकचा हातोडा घेऊन आला आणि ह्याच्या हातात देऊन फोटो काढून गेला. लिंबू एकानंही घेतलं नाही. माझ्या पाटीवर कोपरं टेकून माझे पेरू दाबले ते वेगळंच.

आणि हा? हा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा. डोळ्यात पाणी आणून. दार, भिंती, ठोकते, बसते. पोरं मागे तोंड लपवून खिदळायची. समोर म्हणायची, "काका, लेजंड आहात तुम्ही." हा त्यांना हात जोडायचा.

माझी झोप गेली. ह्याला वाटत होतं की लोकांना बाई आवडली. ज्या दिवशी ह्याला कळेल की लोक बाईला नाही, ह्यालाच बघायला येतात, माकडाला बघायला यावं तसे, त्या दिवशी ह्या माणसाचं काय होईल? एकच गोष्ट होती त्याच्यापाशी. ती हातातून गेली तर हा कशावर उभा राहणार? मला सांगायचं होतं, आणि सांगवत नव्हतं. कसं सांगणार? शेजारचे गाळेवाले म्हणायचे, "चाचा, तुमच्या शेजाऱ्याला आवरा, मंडईची अब्रू जातेय." मी म्हणायचो, "मंडईची अब्रू तुमच्या काट्यात तपासा आधी." त्यांच्यावर ओरडायचो आणि त्याच्याकडे बघून गप्प बसायचो.

दिवाळीच्या आधीचे दिवस. सीताफळाचा हंगाम जोरात. दोघं तरुण आले, बरोबर काठीवर लावलेला मोबाईल आणि गोल दिवा. त्यातला एक म्हणे मोठा माणूस होता मोबाईलमधला. पोरापोरींची ही गर्दी. त्यानं ह्याला गाळ्यावर उभं केलं, दिवा तोंडावर मारला आणि म्हणाला, "काका, एकदम दिलसे. पूर्ण."

ह्यानं पूर्ण सांगितलं. दुसरा तरुण ह्याच्या मागे जाऊन उभा राहिला होता. हा 'भिंती नाईत' म्हणाला की तो हवेत भिंत चाचपायचा. हा 'बसून राहते' म्हणाला की तो छाती बडवून घ्यायचा. लोक हसून लोळत होते. हा मधेमधे माझ्याकडे मान वळवत होता, नेहमीसारखा, माझ्या शब्दाची वाट बघत. त्या दिवशी मी एकदाही म्हटलं नाही.

संपल्यावर पहिला म्हणाला, "काका, सगळं मस्त, पण पाणी नाही आलं डोळ्यात. थोडं लिंबू पिळू का?" आणि ह्याच्याच ढिगातलं लिंबू उचललं, ह्याच्याच सुरीनं कापलं. सगळे ओरडायला लागले, "पिळ! पिळ!"

ह्यानं चेहरा पुढे केला. म्हणाला, "पिळा न. पण मग ते दारापासून घ्या."

मला पुढचं नीट आठवत नाही असं मी म्हणणार नाही. सगळं आठवतं. मी उठलो आणि हाताला लागलं ते सीताफळ त्या दिव्यावर फेकलं. पूर्ण पिकलेलं होतं. फेकायला पेरू बरा पडला असता, पण रागात माणूस माल निवडत नाही. दिवा, मोबाईल, त्या मोठ्या माणसाचा शर्ट, सगळं गरानं भरलं. मी बारा पिढ्यांचा उद्धार केला. पुण्यातल्या भाषेत केला, मग घरच्या भाषेत केला. ती सगळी पोरं पळाली, पळता पळता माझाही व्हिडिओ काढत पळाली.

आणि मग मी ह्याच्याकडे वळलो. तोंडातून गेलंच. "अरे गाढवा, हसतात ते तुला! तुझ्या बाईला कोणी विचारत नाही! तमाशा झालाय तुझा तमाशा, आणि तुला कळत नाही!"

केळीवाल्यानं हातातला फणा खाली ठेवला.

ह्यानं आधी सुरी पुसली. मग माझ्या अंगावर उडालेला गर दिसला, तर फडकं माझ्याकडे टाकलं. आणि हळू म्हणाला, "मले माहीत आहे चाचा."

"काय माहीत आहे?"

"हसतात ते. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी काय आंधळा आहे?"

"मग कशाला करत होतास रे?"

"शंभर जण हसतात. त्यातला एक घरी गेल्यावर म्हणते, हा येडा नेमकं मरते तरी कशावर, पाहू तर. अन् पाहते. एखादा शेवटपर्यंत पाहते. मले तेवढाच पायजे होता." मग ढिगातली लिंबं उगाच इकडची तिकडे करत म्हणाला, "आता कोणी येणार नाई. म्हातारा फळं फेकून मारते म्हणतील. तुम्ही दार लावून टाकलं चाचा."

मी म्हटलं, "मी तुझी इज्जत वाचवली."

"कोणी मागितली होती?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला ऐकला मी. "पूर्ण मंडईत तुम्ही एकटे तिच्यावर हसले नाई. अन् तुम्हीच पाहिलं नाई."

लिंबांवर पोतं टाकलं, चित्राला बांधलेली लिंबू-मिरची सोडून खिशात घातली, आणि दुपारीच गाळा बंद करून गेला.

माझी चूक झाली असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. कोणी माझ्यासमोर माणसाच्या डोळ्यात लिंबू पिळायला लागला तर मी परत फेकीन. ह्या वेळी पेरू फेकीन. घरी गेलो तर बायको म्हणाली, "जेवणाशी काय भांडण आहे तुमचं?" मी ताट सरकवलं. सांगितलं तिला सगळं. ती म्हणाली, "मग बघा ना एकदा ते. आठ-नऊ मिनिटांनी काय होतं?" मी म्हटलं, "मी नाही म्हटलंय." ती म्हणाली, "कोणाला?"

पुढच्या वर्षी तो गावी गेला. आठ दिवसांत येतो म्हणाला, चित्र माझ्याकडे ठेवून गेला, आणि आला नाही. फोन नाही, निरोप नाही. बायको म्हणते, दार उघडलं असेल बापानं. उघडलं असेल तर चांगलं आहे, पण एक फोन करायला काय झालं? त्या गाळ्यावर आता लसूणवाला बसतो. सभ्य माणूस. दिवसभर एक अक्षर बोलत नाही. मला त्याचाही राग येतो.

पण हे सगळं नंतरचं. सीताफळ फेकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यावर आलो तेव्हा तो आधीच बसला होता, माझ्याकडे पाठ करून, मिरच्यांची देठं खुडत. सलाम नाही, काही नाही. मीही केला नाही. माझी बोहनी व्हायची होती. बोहनीच्या आधी मी कोणाशी फालतू बोलत नाही.

दोन मुली आणि एक मुलगा आले, कॉलेजचे. घाबरत घाबरत. मुलगी म्हणाली, "इथे ते शॉर्टवाले काका कोण?" आणि माझ्याकडे बघून एक पाऊल मागे सरली. म्हणजे माझा व्हिडिओ पोचला होता.

तो वळलाच नाही. म्हणाला, "बंद झालं ते."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मुलगा म्हणाला, "जाऊ दे, चल." तिघं वळली.

मी गाळ्यावर उभा राहिलो. पेरूसाठी राहतो तसा, एक हात कानाशी. मंडईच्या त्या टोकाला सुरण विकणाऱ्यापर्यंत जातो माझा आवाज, म्हातारा झालो तरी जातो. मी सुरू केलं.

"ए पोरांनो! इकडे या! दार ठोकते दार! भिंती नाहीत घराला आणि दार ठोकते! बाजूनं जाता येतं, जात नाही! हातोडा बघा, सावली बघा, सावलीला वजन आहे, सावलीला! ब्रह्मदेवाचा नुसता सराव होता! असं काम दुनियेत झालं नाही, होणार नाही! फुकट आहे, आठ-नऊ मिनिटं आहे, बघा, शेवटपर्यंत बघा!"

मुलं हसायला लागली. मुलानं मोबाईल काढला. आसपासच्या सगळ्या गाळ्यांवरचे लोक हसले, केळीवाला तर पोट धरून हसला.

मी काही फेकलं नाही. म्हटलं, "हसा. हसून झालं की घरी जाऊन बघा."

मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही किती वेळा पाहिलंय?"

मी म्हटलं, "मला विचारू नको. तू बघ."

त्या पाठमोऱ्या माणसाचे देठं खुडणारे हात थांबले होते. वळला तो नाहीच. पण त्या बाजूनं आवाज आला, बसलेला, वऱ्हाडी वळणाचा, आयुष्यात कधी न म्हटलेला शब्द चाचपत म्हटल्यासारखा.

"माशाअल्ला."

मी खाली बसलो, पेरूंवरचं ओलं फडकं काढलं, आणि त्या मुलीला म्हटलं, "आता पेरू घे. बोहनी व्हायचीये माझी."